यूकेत प्री-रजिस्टर्ड गाडी घ्यावी की कोरी करकरीत नवीन? सगळा हिशोब, पायरी पायरीने

यूकेत गाडी शोधायला बसलं की ऑटो ट्रेडर या गाड्यांच्या जाहिरातींच्या साइटवर प्री-रजिस्टर्ड, म्हणजे बोलीत प्री-रेज, हा प्रकार हमखास दिसतो. गाडी अगदी अलीकडची, मीटरवर जेमतेम १०-१५ माइल्स, सीटवरचं प्लास्टिकपण निघालेलं नाही, आणि किंमत शोरूमच्या भावापेक्षा दोन-तीन हजार पाउंडांनी कमी. मग आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, यात पाणी कुठे मुरतंय, ठोकलेली आहे का, कोणी परत केलेली आहे का. बहुतेक वेळा तसं काहीच नसतं. पण म्हणून ती आपोआप स्वस्त पडते असंही नाही, आणि खरा घोळ इथे आहे, कारण लोक गाडीची किंमत बघतात आणि पैसे कसे देणार ते नंतर बघतात. ते उलटं करायचं, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आधी हे प्रकरण काय ते समजून घ्या

कंपनी डीलरला टार्गेट देते, या महिन्यात किंवा या तिमाहीत इतक्या गाड्या रजिस्टर झाल्या तर इतका बोनस. महिनाअखेर आली, चार-पाच गाड्या कमी पडतायत, तर डीलर त्या स्वतःच्याच नावावर डीव्हीएलएकडे, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याकडे, रजिस्टर करून टाकतो. टार्गेट पूर्ण, बोनस खिशात, आणि त्या बोनसमधलाच थोडा भाग तो आपल्याला डिस्काउंट म्हणून देतो. गाडी रस्त्यावर धावलेली नसते, पण कागदावर ती नवीन राहिलेली नसते. लॉगबुकवर, म्हणजे व्ही५सीवर, पहिला कीपर (गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली तो) डीलर आणि तुम्ही दुसरे. हा "दुसरे" शब्द पुण्याच्या काकांना फोनवर सांगितला की ते म्हणतात अरे सेकंडहँड का घेतोस, त्यांना समजावत बसू नका. पण तीन-चार वर्षांनी गाडी विकायला काढाल तेव्हा इथला गिऱ्हाईकपण तोच आकडा बघणार आहे, एवढं लक्षात असू द्या.

आणि प्री-रेज म्हणजे डेमो गाडी नव्हे. डेमोवर हजार-दोन हजार माइल्स असतात आणि ती पन्नास अनोळखी लोकांनी हाणलेली असते. जाहिरातीत "निअरली न्यू" लिहिलं की त्यात प्री-रेज, डेमो, स्टाफची गाडी, भाड्याने फिरलेली गाडी सगळं एकाच पोत्यात येतं, त्यामुळे पहिला कीपर कोण होता हे सरळ विचारायचं.

पायरी १: पैसे कसे देणार ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

कंपन्यांच्या शून्य टक्क्याच्या फायनान्स ऑफर आणि डिपॉझिट काँट्रिब्यूशन (डिपॉझिटमध्ये कंपनीने घातलेली भर) या सहसा फक्त नवीन, रजिस्टर न झालेल्या गाडीवर असतात. प्री-रेज गाडीला फायनान्सवाले युज्ड कार समजतात आणि व्याजाचा दर त्याप्रमाणे लावतात. आता एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण बाजारात साधारण असंच चित्र असतं.

समजा गाडीची ऑन द रोड किंमत, म्हणजे टॅक्स, प्लेट सगळं धरून, २४,००० पाउंड. कंपनी १,५०० डिपॉझिट काँट्रिब्यूशन देतेय आणि तीन वर्षं शून्य टक्के हायर परचेस (सगळे हप्ते फिटले की गाडी तुमची). तुम्ही खिशातून ४,५०० भरले, राहिले १८,०००, महिन्याला ५०० चा हप्ता, ३६ महिने. एकूण गेले २२,५००.

तीच गाडी प्री-रेज २०,५०० ला. वा, साडेतीन हजार वाचले! तुम्ही तेच ४,५०० भरले, राहिले १६,०००, दर ९.९ टक्के एपीआर, म्हणजे वर्षाचा व्याजदर. हप्ता बसतो साधारण ५१२ पाउंड. ३६ महिन्यांचे झाले सुमारे १८,४४५, डिपॉझिट धरून २२,९४५, आणि रोड टॅक्सचे १९५ वेगळे (ते का, ते पुढे सांगतो). म्हणजे २३,१४० च्या आसपास. साडेतीन हजार "वाचवून" सहाशे-साडेसहाशे जास्त गेले, वर कागदावर दुसरा कीपर आणि वॉरंटी कापलेली. याला आतबट्ट्याचा व्यवहार म्हणतात. या आकड्यांत प्री-रेजची किंमत २०,००० च्या जराशी खाली आली तरच कशीबशी बरोबरी होते.

आता हेच रोखीने करा. नवीन गाडीवर घासाघीस करून हजार सुटले, म्हणजे २३,०००. प्री-रेज २०,५०० अधिक १९५, म्हणजे २०,६९५. इथे खरोखर २,३०० पाउंड वाचले. गाडी तीच, डीलर तोच, फक्त पैसे द्यायची पद्धत बदलली आणि उत्तर उलटं झालं.

मधला रस्ता आहे तो बँकेच्या पर्सनल लोनचा. ७,५०० ते २५,००० पाउंडांच्या लोनवर इथे सहसा दर सगळ्यात कमी असतात आणि डीलरच्या युज्ड फायनान्सपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं, शिवाय गाडी पहिल्या दिवसापासून तुमची, फायनान्स कंपनीची नाही. पण हे क्रेडिट हिस्टरी चांगली असेल तर. भारतातून नुकतेच आलेल्यांचं घोडं इथेच अडतं. एक काम लगेच करा, इलेक्टोरल रोलवर नाव घाला. भारतीय नागरिक कॉमनवेल्थमध्ये येतात त्यामुळे इथे राहणाऱ्या भारतीयांना मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पासपोर्ट ब्रिटिश असायची गरज नाही, आणि नाव-पत्ता तिथे सापडला की लेंडरला तुमची खात्री पटायला मदत होते. कितीतरी जणांना हे माहीतच नसतं. आणि दहा ठिकाणी अर्ज ठोकू नका, आधी सॉफ्ट सर्चवालं (क्रेडिट स्कोअरला धक्का न लावणारं) एलिजिबिलिटी चेक करा.

पीसीपी, म्हणजे पर्सनल काँट्रॅक्ट परचेस, घेणारे तर जास्तच जपून. तिथे हप्ता लहान दिसतो कारण शेवटचा मोठा बलून पेमेंट मागे ढकललेला असतो, आणि त्या मागे ढकललेल्या रकमेवरपण व्याज चालू असतं. त्यामुळे दोन कोटेशन्स समोर ठेवताना मासिक हप्ता बघायचाच नाही, "टोटल अमाउंट पेएबल" ही ओळ बघायची, आणि डिपॉझिट, मुदत, वर्षाचे माइल्स दोन्हीकडे सारखेच आहेत ना ते तपासायचं. सेल्समन लोक मुदत ३६ ची ४८ करून हप्ता खाली आणतात आणि आपण खूश होतो.

एक बाजूची गोष्ट. तुमच्या नोकरीच्या कंपनीत इलेक्ट्रिक कारची सॅलरी सॅक्रिफाइस स्कीम (कर कापायच्या आधीच्या पगारातून गाडीचे पैसे) असेल तर हा सगळा लेख वाचायच्या आधी तिचं कोटेशन काढा, कारण इलेक्ट्रिकवर बेनिफिट इन काइंड (करासाठी गाडीच्या किमतीचा धरला जाणारा हिस्सा) २०२५-२६ साठी फक्त ३ टक्के धरला आणि ४० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला दुसरा कुठलाच पर्याय त्याच्या जवळपास येत नाही. फक्त स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर पगारातून कपात झाल्यावर व्हिसाची पगाराची अट मोडत नाही ना हे एचआरकडून लेखी घ्या.

पायरी २: नवीन गाडीचा खरा भाव काढा

लिस्ट प्राइसशी तुलना करणं म्हणजे स्वतःलाच फसवणं, कारण लिस्ट प्राइसला गाडी फार कमी लोक घेतात. कारवाउ या गाड्यांच्या भावांच्या साइटवर किंवा एखाद्या ब्रोकरकडून त्याच मॉडेल, त्याच ट्रिमचा नवीन गाडीचा भाव काढा, दोन लोकल डीलरला फोन करा, आणि मग प्री-रेजशी तुलना करा. कधी कधी फरक फक्त पाच-सातशे पाउंडांचा निघतो. तेवढ्यासाठी प्री-रेज घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, नवीन गाडीत रंग तुमच्या मनासारखा मिळतो, ऑप्शन्स मिळतात, वॉरंटी पूर्ण मिळते. माझा अंदाजी नियम असा की रोखीत, लिस्टच्या नव्हे, खऱ्या भावापेक्षा किमान सात-आठ टक्के कमी असेल तर प्री-रेजचा विचार करा.

पायरी ३: तारीख, तारीख, तारीख

गाडीचा नंबर जाहिरातीत बहुतेक वेळा असतो, नसेल तर डीलरला विचारा. तो घ्या, गव्ह डॉट यूकेवर फुकट व्हेइकल एन्क्वायरी आहे तिथे टाका, पहिल्या रजिस्ट्रेशनचा महिना लगेच दिसतो. नेमकी तारीख डीलरला विचारा. आता त्या तारखेपासून काय काय चालू झालंय बघा.

वॉरंटी त्या तारखेपासून, तुम्ही घेतली त्या दिवसापासून नाही. गाडी डीलरच्या आवारात सहा महिने उभी असेल तर सहा महिने गेले. आता किया ७ वर्षं किंवा १,००,००० माइल्स देते, ह्युंदाई ५ वर्षं देते माइल्सची मर्यादा न घालता, तिथे सहा महिन्यांचं मी मनावर घेणार नाही. पण तीन वर्षंच वॉरंटी देणारे बरेच ब्रँड आहेत, तिथे सहा महिने म्हणजे वॉरंटीचा सहावा हिस्सा झाला, त्याचे पैसे डिस्काउंटमध्ये दिसले पाहिजेत. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची वॉरंटी बहुतेक आठ वर्षांची असते, तिलाही हाच नियम.

पहिली सर्व्हिसपण त्याच तारखेपासून मोजतात, बारा महिने किंवा ठरलेले माइल्स, आधी जे येईल ते. म्हणजे घेतल्यावर पाच-सहा महिन्यांतच सर्व्हिसचा मेसेज येईल, आणि ती चुकवली तर उरलेल्या वॉरंटीवर वाद. पहिली एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, रजिस्ट्रेशनपासून तीन वर्षांनी, नॉर्दर्न आयर्लंडला चार वर्षांनी. रोडसाइड असिस्टन्सचं एक वर्षपण तिथूनच.

आणि प्लेट. इथे १ मार्च आणि १ सप्टेंबरला नंबर प्लेटवरचा आकडा बदलतो. मार्च २०२५ पासूनच्या गाड्या २५, सप्टेंबर २०२५ पासूनच्या ७५, म्हणजे सप्टेंबरवाल्यांना वर्षाच्या आकड्यात ५० मिळवायचे. फेब्रुवारीच्या शेवटी रजिस्टर झालेली गाडी तुम्ही जूनमध्ये घेतली तर ती कायमची मागच्या प्लेटची गाडी. विकताना याचा फरक पडतो, विशेषतः दोन-तीन वर्षांत विकणार असाल तर. सात-आठ वर्षं वापरून मग काढणार असाल तर तोवर प्लेट आणि कीपर कोणी फारसं बघत नाही, गाडीची अवस्था आणि सर्व्हिस बुक बघतात.

पायरी ४: रोड टॅक्सची गंमत

१ ऑक्टोबर २०१४ पासून रोड टॅक्स गाडीबरोबर पुढच्या माणसाकडे जात नाही. नवीन गाडीच्या ऑन द रोड किमतीत पहिल्या वर्षाचा टॅक्स, प्लेट, ५५ पाउंडांची रजिस्ट्रेशन फी हे सगळं धरलेलं असतं. प्री-रेजमध्ये पहिल्या वर्षाचा टॅक्स डीलरने स्वतःच्या नावाने भरलेला असतो, गाडी तुमच्या नावावर झाली की तो संपला, तुम्ही पहिल्या दिवसापासून स्टँडर्ड दराने भरायचा, २०२५-२६ ला तो १९५ पाउंड. म्हणून वर हिशोबात ते १९५ धरले.

पण याची दुसरी बाजू फायद्याची आहे. पहिल्या वर्षाचा दर कार्बन डायऑक्साइडवर ठरतो आणि एप्रिल २०२५ पासून तो बऱ्याच गाड्यांना दुप्पट झाला. २०२५-२६ ला १५१ ते १७० ग्रॅमच्या गटातल्या गाडीला १,३६०, १७१ ते १९० ला २,१९०. मोठी पेट्रोल एसयूव्ही नवीन घेतली तर हे पैसे तुमच्या ऑन द रोड किमतीत आहेत, प्री-रेज घेतली तर तो मार डीलरने खाल्लेला आहे आणि तुम्ही स्टँडर्ड दरावर सुटता. त्यामुळे मोठ्या गाड्यांत प्री-रेजचा फरक जास्त दिसतो, छोट्या हायब्रिडमध्ये कमी.

आता सापळा. लिस्ट प्राइस ४०,००० च्या वर असेल तर एक्स्पेन्सिव्ह कार सप्लिमेंट लागतो, २०२५-२६ ला वर्षाला ४२५ पाउंड, दुसऱ्यांदा टॅक्स भरायची वेळ येते तिथून पुढे पाच वर्षं. आणि इथे बघतात ती लिस्ट प्राइस, तुम्ही मोजलेली किंमत नाही. ४१,००० ची गाडी प्री-रेजमध्ये ३३,००० ला पदरात पडली तरी सप्लिमेंट भरायचाच, त्या दराने पाच वर्षांचे २,१२५ झाले. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून ५०,००० केली आहे. त्यामुळे गाडीची मूळ लिस्ट प्राइस ऑप्शन्ससकट किती होती हे डीलरकडून लेखी घ्या, कधी कधी फक्त मेटॅलिक पेंट आणि सनरूफमुळे गाडी रेषेच्या पलीकडे गेलेली असते.

पायरी ५: इन्शुरन्सवाल्याला फोन

बऱ्याच कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसींत पहिल्या वर्षात गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली तर नवी कोरी गाडी देतात, पण अट असते की तुम्ही पहिले रजिस्टर्ड कीपर हवेत. प्री-रेजमध्ये तुम्ही नसता. काही कंपन्या प्री-रेजला सूट देतात, काही नाही, पॉलिसीच्या बारीक अक्षरांत वाचा किंवा विचारा. नसेल तर रिटर्न टू इनव्हॉइस प्रकारचा गॅप इन्शुरन्स (क्लेमची रक्कम आणि तुम्ही मोजलेली किंमत यातला फरक देणारा) घ्या, आणि तो डीलरकडून न घेता बाहेरून, बराच स्वस्त मिळतो. भारतीय लायसन्सवर गाडी चालवत असाल तर लक्षात ठेवा, ते इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं, आणि त्यावर प्रीमियमही तगडा बसतो. गाडी ठरवायच्या आधी प्रीमियम काढा, नंतर नाही.

इलेक्ट्रिक असेल तर

इथे प्री-रेज खूप दिसतात आणि त्याला कारण आहे. सरकारच्या झेड-ई-व्ही (झिरो एमिशन व्हेइकल) मँडेटप्रमाणे कंपन्यांना विक्रीतला ठराविक हिस्सा इलेक्ट्रिक दाखवावा लागतो, २०२४ ला २२ टक्के, २०२५ ला २८, २०२६ ला ३३. आकडा गाठायला गाड्या रजिस्टर करून ठेवायचा मोह होणारच. डिस्काउंट मोठे असतात, पण जुलै २०२५ पासून ३७,००० पाउंडांपर्यंतच्या ठराविक नवीन इलेक्ट्रिक गाड्यांवर १,५०० किंवा ३,७५० ची सरकारी ग्रँट सुरू झाली, ती डीलर किमतीतूनच वजा करतो. त्यामुळे तुलना ग्रँट वजा केलेल्या नव्या किमतीशी करा, काही मॉडेल्समध्ये प्री-रेजचा सगळा फायदा तिथेच संपतो.

पायरी ६: गाडी बघायला जा, फोटोवर भुलू नका

उभी राहिलेली गाडी पण खराब होते. दिवसाउजेडी जा, पाऊस नसताना.

टायरवर डॉटने सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. त्यावरून गाडी किती आधी बनली याचा अंदाज येतो, कारण रजिस्ट्रेशन नवं पण गाडी फॅक्टरीतून वर्षभर आधी निघालेली असं होतं. फेसलिफ्टच्या आधीचं मॉडेल तर गळ्यात मारत नाहीत ना तेही यात कळतं. बारा व्होल्टची बॅटरी उभ्या उभ्या मेलेली असते, चार्ज करून दिली म्हणतील, टेस्ट करून द्यायला सांगा. ब्रेक डिस्कवरचा वरवरचा गंज पाच मिनिटं चालवल्यावर जातो, खोल खड्डे असतील तर बदलून मागा. बंपरचे कोपरे आणि अलॉय व्हील नीट बघा, आवारात गाड्या इकडून तिकडे हलवताना घासतात. दोन चाव्या, चार्जिंग केबल, पार्सल शेल्फ, हँडबुक. इलेक्ट्रिकची केबल गायब असणं फारच कॉमन.

टेस्ट ड्राइव्ह त्याच गाडीची मागा. "सेम मॉडेल आहे, डेमो चालवून बघा" याला हो म्हणू नका.

पायरी ७: घासाघीस कधी आणि कशी

मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरचा शेवटचा आठवडा नवीन गाडीसाठी चांगला, कारण टार्गेटची घाई. प्री-रेजचा माल त्यानंतर बाहेर यायला लागतो, कधी लगेच, कधी दोन-तीन महिन्यांनी, कारण डीलरला त्या काही दिवस स्वतःकडे ठेवाव्या लागतात. जास्त दिवस पडून राहिलेली गाडी ही तुमची ताकद. जाहिरात किती दिवस आहे, किंमत किती वेळा खाली आली हे लक्ष ठेवून बसा आणि तोच आकडा टेबलवर ठेवा. किंमत हलत नसेल तर सर्व्हिस प्लॅन मागा, एक्स्टेंडेड वॉरंटी मागा, कापल्या गेलेल्या वॉरंटीच्या बदल्यात ही मागणी अगदी रास्त आहे.

आपल्याकडे गाडी दसऱ्याला किंवा पाडव्याला हवी असते, त्यात इथे एक मजेशीर जुळणी आहे. दोन्ही सण काही वर्षी तिमाही संपायच्या आगेमागेच पडतात. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता, डीलरला गाडी ३० सप्टेंबरपर्यंत रजिस्टर करायची होती. अशा वेळी सांगायचं, रजिस्ट्रेशन तुझ्या तारखेला कर, चावी मी माझ्या मुहूर्तावर घेतो, पण त्या दोन-तीन दिवसांसाठी किंमत उतर. प्री-रेजचं तर अजून सोपं, गाडी तिथेच उभी असते, मुहूर्त चुकत नाही. फोरकोर्टवर, म्हणजे डीलरच्या आवारात, नारळ फोडायच्या आधी मात्र विचारून घ्या, लिंबू चाकाखाली ठेवायला कोणी अडवत नाही.

पायरी ८: पैसे आणि कागद

डिपॉझिट क्रेडिट कार्डाने भरा, थोडं का असेना. कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट १९७४ च्या सेक्शन ७५ खाली १०० पाउंडांच्या वर ते ३०,००० पर्यंतच्या वस्तूला कार्ड कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार राहते, आणि डीलर बुडाला तर हाच आधार. रिफंडेबल आहे का ते पावतीवर लिहून घ्या. कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ प्री-रेजलाही लागू आहे, गाडीत दोष निघाला तर पहिल्या ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, त्यानंतर डीलरला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. पूर्ण ऑनलाइन, डीलरकडे न जाता घेतली तर बहुतेक वेळा १४ दिवसांत रद्द करायचा हक्कही मिळतो.

ऑर्डर फॉर्मवर या गोष्टी शब्दांत हव्यात: पहिला कीपर कोण, रजिस्ट्रेशनची तारीख, मीटरचे माइल्स, वॉरंटी कधी संपते, गाडीवर बाकी फायनान्स नाही. फायनान्स क्लिअर आहे का ते एचपीआय चेकने (गाडीवरचं कर्ज वगैरे इतिहास दाखवणारी तपासणी) बघून घ्या, डीलरने स्टॉकवर कर्ज काढलेलं असू शकतं.

आणि गाडी आणायच्या दिवशी व्ही५सीमधली हिरवी न्यू कीपर स्लिप हातात घ्या. तिच्यावरच्या नंबराने फोनवरून रोड टॅक्स भरा, इन्शुरन्स त्या दिवसापासून सुरू आहे ना ते बघा, आणि मगच आवाराबाहेर पडा. पूर्ण लॉगबुक पोस्टाने येतं, चार आठवड्यांत आलं नाही तर डीलरच्या नाही, डीव्हीएलएच्या मागे लागा.